पाच खणांचं घर

आमच्या भागात घर किती मोठं आहे हे कुणी फुटात सांगत नव्हतं. खणात सांगायचे. अमक्याचं तीन खणी, तमक्याचा नऊ खणांचा वाडा. सोयरीक बघायला आलेला पाहुणा उंबरा ओलांडून आत आला की आधी मान वर करायचा आणि तुळया मोजायचा. जमिनीचं मग विचारायचा. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा, साधारण पाच-साडेपाच फुटांची.

आमचं घर पाच खणांचं होतं. ते आज उभं नाही. त्याचे खांब मात्र आहेत. त्या घराचा आणि त्याला खेटून असलेल्या माझ्या चुलत्याच्या घराचा हिशोब मला एकदा लिहून ठेवायचा होता. १९९३ च्या भूकंपानंतर जो तो म्हणत आला की लाकूड-मातीच्या घरांनी माणसं मारली. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

घर माझ्या आज्यानं बांधलं, पोलीस ॲक्शनच्या चार-पाच वर्षं आधी. तेव्हा आमचा भाग निजामाकडं होता. आज्याच्या रानात बांधावर लिंबाची आणि बाभळीची जुनी झाडं होती. ती तोडून वर्षभर ओढ्याच्या डोहात टाकली, मग काढून सावलीत वाळवली. पाण्यात मुरलेल्या लाकडाला कीड लवकर लागत नाही, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सागवान फक्त चौकटीला आणि दाराला. गावचा बलुत्याचा सुतार वाकस आणि पटाशी घेऊन पावसाळा सोडून दोन वर्षं आमच्या दारात बसला होता, असं आजी सांगायची.

घराची रचना अशी. सहा-सहा खांबांच्या दोन ओळी, म्हणजे बारा खांब. प्रत्येक खांबाखाली घडीव दगडाचं उथळं. खांब जमिनीत गाडलेला नाही, उथळ्यावर नुसता उभा आहे. गाडलेलं लाकूड ओल धरतं आणि वाळवी तिथूनच चढते. खांबाच्या डोक्यावर दोन्हीकडं पसरलेला लाकडी हस्त. हस्तावर समोरासमोरच्या दोन खांबांना जोडणारी तुळई. खांबाच्या डोक्याला कूस काढलेली आणि वरच्या लाकडाला तेवढंच भोक, एकात एक बसवलेलं. सगळ्या घरात लोखंडाचा खिळा शोधून सापडला नसता. तुळयांवर कड्या, कड्यांवर फाकलेल्या लाकडांचं दाट किलचन, त्यावर तरवडाचा आणि लिंबाचा पाला, पाल्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर गावच्या जुन्या पांढरीची खारवट माती. ती ठोकून बसवली की पाणी आत सोडत नाही, वरच्या वर पन्हाळीकडं वाहून जातं. ह्यालाच आम्ही माळवद म्हणतो.

यातली मुख्य गोष्ट अशी की माळवदाचा भार खांबांवर होता, भिंतीवर नव्हता. भिंती खांबांच्या बाहेरून उभ्या केलेल्या. खांब भिंतीला लागून होते, पण भिंतीत गाडलेले नव्हते. आजा म्हणायचा, "भिंत म्हंजी घराचं घोंगडं. हाडं आत हायत."

हे घोंगडं फार जाड होतं. पश्चिमेची भिंत साडेतीन फूट होती. मी तिच्या कोनाड्यात बसून शाळेचा अभ्यास केलेला आहे. एवढी जाडी कशाला, याची दोन कारणं जुनी माणसं सांगायची. एक दरोडेखोरांचं भ्यान. पुढं रझाकारांच्या काळात तर ज्यांच्या भिंती पातळ होत्या त्यांनीही बाहेरून आणखी एक थर चढवला. दुसरं कारण ऊन. आमच्याकडं चैत्रापासून जी झळ लागते ती मृग पडेपर्यंत. दुपारचं ऊन त्या भिंतीत आणि माळवदाच्या मातीत शिरायचं, पण आतल्या अंगापर्यंत यायला त्याला रात्र व्हायची. तोवर आम्ही दारं उघडी टाकून माळवदावर झोपायला गेलेलो असायचो. माळवदाला हातभर चौकोनी भोक होतं, त्याला सानं म्हणतात. त्यातून उजेड खाली यायचा, चुलीचा धूर आणि दिवसभराची ऊब वर निघून जायची. पावसात त्यावर दगडी फरशी सरकवायची. थंडीत उलट व्हायचं. दिवसा तापलेली माती रात्री आतल्या माणसांना ऊब द्यायची. वीज आमच्या घरात मी सातवीत असताना आली, आणि पंखा आला त्यानंतर पंधरा वर्षांनी. तोही पाहुण्यांसाठी.

आता चुलत्याच्या घराचं सांगतो. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. घरची सगळी माणसं खडी फोडायला जायची. बांधावरची उरलीसुरली झाडं त्या दोन वर्षांत सरपणाला आणि विकायला गेली. दुष्काळ सरल्यावर वडील आणि तात्या वेगळे झाले. वाटणीत जुनं घर थोरले म्हणून वडिलांकडं राहिलं. तात्यांना शेजारचा रिकामा परडा, काही रक्कम आणि चार तुळया मिळाल्या. खांबाजोगतं लाकूड गावात राहिलं नव्हतं, आणि लातूरच्या अड्ड्यातला भाव परवडण्यातला नव्हता. तात्यांनी मग त्या काळात बरेच जण करत होते तेच केलं. खांब वगळले. दगड-मातीच्या भिंती वर चढवल्या आणि तुळया थेट भिंतीवर ठेवल्या.

जुना सुतार तेव्हा थकला होता, पण बघायला आला होता. त्यानं भिंतीला हात लावला आणि म्हणाला, "तात्या, घराला पाय न्हाईत."

तात्या हसून म्हणाले, "मामा, तीन फुटाची भित हाय. हत्ती उभा केला तरी पेलंल."

ते खोटं नव्हतं. उभा भार त्या भिंतीनं वीस वर्षं पेलला. पण ती भिंत बाहेरून दिसायची तशी एकसंध नव्हती. आमच्याकडची दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती. बाहेरच्या अंगाला घडीव दगडांची एक पडदी, आतल्या अंगाला दुसरी, आणि मधल्या जागेत कपच्या नि माती. दोन्ही पडद्यांना धरून ठेवील असा आरपार दगड जुने गवंडी मधूनमधून घालायचे. पण लांब दगड मिळायला महाग आणि घडवायला कष्टाचा. हळूहळू ती रीत सुटली. आमच्या जुन्या भिंतीतही ते दगड थोडेच निघाले. तात्यांच्या भिंतीत एकही निघाला नाही. हे आम्हाला भिंती पडल्यावर कळलं.

आणि वर माती. मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकायची ही दरवर्षीची रीत. जुनी खरवडून काढायची, मग नवी टाकायची, असं आजा करायचा. पुढं खरवडायचं राहून गेलं, टाकायचं तेवढं राहिलं. गळलं की टाक माती. १९९३ च्या मे महिन्यात तात्यांचं माळवद स्वयंपाकघरावर गळत होतं. त्यांना मुलगा नव्हता, पोरी नांदायला गेलेल्या. काकू मला म्हणाली, "बाबा, दोन-चार पाट्या टाकून दे रे." मी चाळीस पाट्या टाकल्या. धुम्मस घेऊन ठोकून बसवल्या. काकूनं गूळ घालून शेंगदाणे दिले. त्या पावसाळ्यात ते घर गळलं नाही.

आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरात, किल्लारीला धक्के बसले होते. भुईतून गाडी गेल्यासारखा आवाज यायचा, भांडी वाजायची. काही दिवस माणसं अंगणात झोपली. मग थंडी पडली, आवाज कमी झाला आणि सगळे परत आत गेले.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली. पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना ते झालं. मी ते वर्णन करत बसणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते सांगून कळत नाही. धुळीनं अंधारात अंधार झाला होता. एवढंच सांगतो, की आमच्या घराची पश्चिमेची साडेतीन फुटी भिंत बाहेर गल्लीत पडली. उत्तरेची अर्धी आत आली. माझी माय मधल्या खणात झोपली होती. तिच्या पायावर दगड आले, पाय मोडला. पण वरची तुळई जागेवरच होती. उजाडल्यावर पाहिलं तर बारा खांब कलले होते, सगळे एकाच दिशेला, वाऱ्यात कललेल्या ज्वारीसारखे. त्यांतला एक उथळ्यावरून बोटभर सरकला होता. माळवद वर लोंबकळत होतं. भिंती नसलेलं घर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आज्याचं बोलणं तेव्हा डोळ्याला दिसलं. हाडं उभी होती.

तात्यांच्या घराच्या जागी ढीग होता. भिंती दोन्हीकडं फाकल्या आणि तुळयांना टेकायला काही उरलं नाही. तात्या आणि काकू आम्हाला दुपारी सापडले. दगडांनी त्यांना फार लागलं नव्हतं. मातीनं ते गेले.

त्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या एका गावात किती गेली ते मी इथं लिहीत नाही, नावं पाठ आहेत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. खांबांच्या घरातही माणसं गेली. जिथं भिंत आत पडली तिथं खांब उभे राहून उपयोग झाला नाही. जिथं खांब बुडाशी कुजले होते तिथं तेही मोडले. म्हणून खांबांचं घर म्हणजे देवाचं घर, असं मी म्हणत नाही. पण गावात फिरून पाहिलं तर फरक डोळ्याला दिसत होता. खांबांच्या घरात शोधायला जागा होती. भिंतीवरच्या घरात नव्हती.

पुढच्या वर्षी गावात सर्वेला एक तरुण इंजिनिअर आले होते. बाकीचे साहेब जीपमधून उतरून यादी करून जायचे, हे मात्र आमच्या कललेल्या खांबांपाशी बराच वेळ उभे राहिले. त्यांनी मला विचारलं, "काका, वरची माती किती होती?" मी म्हणलं, दोन फूट असंल. ते म्हणाले, मोजा एकदा. मी रॉकेलचा रिकामा डबा घेतला, त्यात तीच माती ठोकून भरली आणि धान्याच्या काट्यावर ठेवली. डब्याचं वजन सोडून एकोणतीस किलो भरली. त्यावरून त्यांनी हिशोब मांडला. एका घनफुटाला पंचेचाळीस किलो. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे नऊ हजार किलो. नऊ टन.

ते गेल्यावर मी माझा हिशोब मांडला. चाळीस पाट्या, पाटीला पंधरा किलो, म्हणजे सहाशे किलो. नऊ टनांपुढं सहाशे किलो काय, असं स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं. पण तात्यांच्या आधी आणि माझ्या आधी ज्यांनी ज्यांनी पाट्या टाकल्या त्यांचीही पाटी तेवढीच हलकी होती. नऊ टन एका दिवसात कुणीच टाकले नव्हते.

त्यांनीच मला समजावून सांगितलं की उभा भार आणि आडवा हिसका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दगड-मातीची भिंत उभा भार घेते, आडवा हिसका तिला सोसत नाही. आणि वरचं ओझं जितकं जास्त तितका हिसका मोठा. लाकूड वाकतं, कुरकुरतं, सांध्यात थोडं सरकतं, आणि परत तोलावर येऊ पाहतं. आमच्या घराची चूक एकच, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपं लाकूड नव्हतं. ते असतं तर खांब एवढे कललेही नसते. पुढं वाचनात आलं की काश्मिरात धज्जी-देवारी म्हणून घरं असतात. लाकडाच्या चौकटी, त्यांत तिरपी लाकडं, आणि मधल्या लहान-लहान घरांत दगड-विटा मातीत बसवलेल्या. २००५ च्या तिथल्या भूकंपात अशी बरीच घरं टिकली. म्हणजे आमच्या आज्याला जे अर्धं ठाऊक होतं ते तिकडच्या माणसांनी पुरं केलं होतं.

पण आमच्याकडं तेव्हा हे ऐकायला कुणाला उसंत नव्हती. आम्हीही त्यांतलेच. लाकूड दिसलं की अंगावर काटा यायचा. सरकारनं बावन्न गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवली, त्यांत आमचं आलं. जमिनीप्रमाणं घरं मिळाली. कुणाला २५० चौरस फूट, कुणाला ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. आम्हाला ४५० चं मिळालं. ज्या गावांचं थोडं नुकसान होतं तिथं जुन्या घरांना मजबूत करायची योजना निघाली. भिंतीला आरपार भोकं पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे राहिलेला आरपार दगड आता घालायचा. माळवदाची माती कमी करायची. खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपा आधार द्यायचा. योजना शहाणी होती. पण माझ्या पाहण्यातल्या पुष्कळांनी ते पैसे घेऊन शेजारी स्लॅबची एक खोली काढली. त्यांना दोष देत नाही. ज्या घरात माणूस गेला त्या घराला कोण तिरपा आधार द्यायला बसंल?

मग व्यापारी आले. ट्रक घेऊन गावोगाव फिरायचे. हस्त, नक्षीच्या चौकटी, सागवानी दारं आधी गेली, मग खांब, मग तुळया. भाव सरपणाचा. शंभर-दीडशे वर्षांची लाकडं पावसात पडून होती, लोकांना ती डोळ्यांसमोर नको होती. आमच्या गावातून किती ट्रक गेले ते मी मोजलं नाही. आमचे बारा खांब तेवढे राहिले, कारण माय दारात बसली होती मोडका पाय पसरून. व्यापाऱ्याला ती म्हणाली, "ह्या लाकडानं मला वर धरलं बाबा. त्याला इकू कशी?"

नव्या घरानं आम्हाला आसरा दिला, ते मी विसरत नाही. रात्री वर बघून झोप लागायची, हे त्या वर्षांत थोडं नव्हतं. पण चार-पाच इंचांचा स्लॅब आमच्या उन्हाला पुरा पडत नाही. दुपारी चारला छत हाताला भाजतं, आणि रात्री दहापर्यंत ते खाली आग ओततं. दही दुपारीच आंबतं. आधी एक पंखा, मग दोन, मग कूलर. लाइट गेली की सगळं गाव ओट्यावर. हिवाळ्यात तोच स्लॅब पहाटे गार पडतो. माय पाच वर्षं त्या घरात राहिली आणि दर उन्हाळ्यात विचारायची, "आपलं घर कधी बांधायचं?"

ते बांधायला २००३ साल उजाडलं. माय तोवर गेली होती. शेतात विहिरीजवळ बारा खांब पुन्हा उभे केले. जुन्या सुताराचा नातू फर्निचरचं काम करतो, त्यानं आजोबाची कूस-भोकं साफ करून जशीच्या तशी बसवली. उथळी तीच आहेत, फक्त खांब सरकू नये म्हणून प्रत्येकात एक लोखंडी खुंटी घातली. प्रत्येक खांबाच्या डोक्याशी दोन्हीकडं तिरपी लाकडं दिली. भिंती कमरेपर्यंत दगडाच्या, सिमेंटमध्ये, आरपार दगड घालून. त्यावर तुराट्यांचा कूड, दोन्ही अंगांनी माती-शेणानं लिंपलेला. पडला तरी अंग झटकून उठता येईल. वर कड्या, किलचन, पाला आणि माती फक्त चार इंच, दोरी लावून मोजलेली. त्या मातीच्या हातभर वर पत्रे, दोन्ही टोकं मोकळी. ऊन पत्र्यावर पडतं, मधून वारा निघून जातो, मातीपर्यंत झळ पोचत नाही. पाणी पत्र्यावरून जातं, म्हणून दरवर्षी माती टाकायची गरज नाही. खरं सांगायचं तर, ती टाकावी लागू नये म्हणूनच पत्रे घातले.

वैशाखात दुपारी गावातली चार माणसं तिथं येऊन पडतात. पंखा नाही, विजेचा एक दिवा आहे. पोरं विचारतात, आजोबा, हे घर कुणाच्या डिझाइनचं? मी म्हणतो, अर्धं तुमच्या खापरपणज्याचं आणि अर्धं भूकंपाचं.

गेल्या मे महिन्यात थोरला नातू पत्र्याखाली शिरून बघत होता. म्हणाला, "आजोबा, इथं माती कमी दिसतीया. दोन पाट्या टाकू का?" मी त्याला खाली बोलावलं आणि कोपऱ्यातला रॉकेलचा जुना डबा आणायला सांगितलं. आम्ही तो मातीनं भरला, ठोकला आणि काट्यावर ठेवला. त्यानं आकडा वाचला. मग तात्यांचं घर कुठं होतं ते मी त्याला सांगितलं.